ळचा खण

पुणे, ३ नोव्हेंबर १९४१

ती. भाऊजींस रुख्मिणीचा नमस्कार.

अक्का जाऊन चार महिने होत आले आणि मी आत्ता लिहितेय. रागावला असाल. तार आली तेव्हा सूनबाईचे दिवस भरले होते, घर सोडता येईना. पण ते निमित्त. खरं सांगायचं तर मलकापूरच्या घरात शिरायचं आणि आतून अक्काची हाक यायची नाही, हे सोसायची माझी छाती झाली नाही.

दोन कामं आहेत. पहिलं दिनकरचं. तो इथं एका प्रकाशकाकडं मुद्रितं तपासतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. हल्ली वऱ्हाडातल्या जुन्या छापखान्यांनी काय काय छापलं यावर तो मोठा लेख लिहितोय. तुमच्या छापखान्याची सगळी पुस्तकं त्याला हवी आहेत. देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत तुमचं पुस्तकांचं दुकान लागायचं ना, तिथून कुणी तरी घेतलेलं 'दळणावरच्या ओव्या' त्याच्या हाती आलंय. आणि काय सांगू भाऊजी, वेष्टनावर 'दळण' आणि आत पानोपानी 'दयन'! 'डोळे'चे 'डोये', 'गळा'चा 'गया'. दिनकरनं तांबड्या शाईनं सगळं पुस्तक रंगवलंय. परवा सूनबाईनं चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सगळे पोट धरधरून हसले. मीही हसले. न हसून करते काय? लेखात त्यानं लिहिलंय, 'मुद्रणदोष विपुल. खिळे जुळवणारा निरक्षर असावा.' लेख उन्हाळ्यात छापायला जाईल. तुमचं नाव असं छापून यावं हे मला बरं वाटत नाही, म्हणून आधी कळवतेय.

दुसरं काम माझं. अक्काच्या हातचं एखादं अक्षर घरात असेल तर मला पाठवा. वाण्याची यादी चालेल. माझं लग्न होऊन मी पुण्याला आले त्याला तीस वर्षं झाली, एवढ्या काळात तिनं मला एक ओळ लिहिली नाही. यायचं ते तुमचं पत्र, शेवटी 'सत्यभामेचा आशीर्वाद', तोही तुमच्याच हातचा. जिवंतपणी मागायला मानी होते. आता मागते.

आपली, रुख्मिणी


मलकापूर, १२ नोव्हेंबर १९४१

चि. रुख्मिणीस महादेवचा आशीर्वाद.

पत्र पावलं. मी बोलतो तसंच लिहितो, राग मानू नको. पत्राले काही प्रूफ नसते.

दिनकरले म्हण, तुह्या मावसोबानं काही ग्रंथ छापले नाहीत. पहिले बाराखडी छापली, ते चांगली खपली. मग व्रताच्या कहाण्या, उजळणी, बालाजीच्या यात्रेची माहिती, एका मास्तरचं शेतकीवरचं पुस्तक, जे त्या मास्तरनंच सारं वाटून टाकलं. बाकी लग्नपत्रिका आन् जिनिंगच्या नोटिसा. पुढं दुकान, मागं छापखाना, आन् मधात तुही अक्का. पायानं चालवाचं ट्रेडल मशीन अमेरिकेचं आहे, मिशनचा साहेब जाताना देऊन गेला. त्याच्या लोखंडावर कारखान्याचं नाव आहे, ते मले अजूनही नीट वाचता येत नाही.

आता मशीन बंद आहे. रज्जाक मशीन चालवे, तो जिनिंगमधी लागला. लढाईपायी कागद भेटत नाही. सकाळी दुकान उघडतो, कोणी येते, पत्रिका छापता काय म्हणून इचारते, मी कागद नाही म्हणतो. दिवसाचं बोलणं एवढंच. परवा तर मी मशीनले म्हणलं, काऊन बे, जेवला काय? मग माह्यं मलेच हसू आलं, आन् लगेच थांबलं.

ओव्यांच्या पुस्तकात तशे शब्द आहेत, हाव. कोणी जुळवलं ते आता काय सांगू. दिनकरले म्हण, मुद्रकाची चूक.

अक्काच्या हातचं म्हणते तर तिची पेटी पाहून राह्यलो. सापडलं तर धाडतो.

महादेव


पुणे, २ डिसेंबर १९४१

ती. भाऊजींस नमस्कार.

पेटी पाहायला तीन आठवडे लागतात? अक्काच्या पेटीत काय होतं ते मला पाठ आहे. दोन लुगडी, आईची चांदीची डबी आणि कापराचा वास.

मला एकदाच खरं सांगून टाका. तिला मी नकोशी झाले होते का? आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. अक्कानं मला कडेवर वाढवलं, माझ्या वेण्या घातल्या, मला शाळेत धाडलं आणि स्वतः घरी चूल फुंकत राहिली. तीच अक्का मी पुण्याला आले आणि मुकी झाली. इथं नवी होते तेव्हा मी 'मले' म्हटलं की सासरचे हसायचे. तोंडाला कुलूप घालून बसायचे आणि वाटायचं, अक्काचा एक कागद यावा. टपालवाला दारावरून पुढं जायचा. हे कुणाला सांगितलं नव्हतं. दिनकरलाही नाही.

त्या ओव्यांच्या पुस्तकाचं म्हणाल तर ते विकायचं बंद करा. नाही तरी लोक हसतातच. लेखात 'आता उपलब्ध नाही' असं लिहीन म्हणतो दिनकर. विषय तरी संपेल.

रुख्मिणी


मलकापूर, १२ डिसेंबर १९४१

चि. रुख्मिणीस आशीर्वाद.

तू म्हणली तसं केलं. ओव्यांच्या साऱ्या प्रती माळ्यावरून उतरवल्या आन् मेहबूब शेठच्या किराणा दुकानात देऊन आलो. त्याले पुड्या बांधाले कागद पाह्यजेच होता. तो म्हणे, भाऊ, कोरं पुस्तक हाय, काऊन फाडता? मी म्हणलं, फाड तू. एक प्रतही ठेवली नाही. ठेवली असती तर रोज उघडली असती.

आता तुह्या घरी कोणी हसणार नाही.

पेटीत लिहिलेलं काही भेटलं नाही. तुले नकोशी म्हणणारी ते नव्हती, एवढं माह्या शब्दावर मान. याहून जास्त मले सांगता येत नाही. तिले वचन देलं आहे.

खिळ्यांचं शिसं घ्याले जळगावचा एक व्यापारी दोनदा येऊन गेला. लढाईत भाव आहे म्हणते. द्यावं म्हणतो. कोणासाठी ठेवू?

महादेव


पुणे, १३ डिसेंबर १९४१

ती. भाऊजी,

तुमचं उत्तर यायच्या आत हे लिहितेय. माझ्या मागच्या पत्रातलं काही करू नका! पुस्तकाला हात लावू नका. एक प्रतही कुठं देऊ नका.

घरचे सगळे लग्नाला गेलेत, मी एकटी आहे. दुपारी कंटाळा आला म्हणून दिनकरच्या टेबलावरचं ते पुस्तक उचललं. मनात वाचलं तर सूनबाईच्याच आवाजात ऐकू आलं, तसंच वाकडं तोंड करून. मग म्हटलं घरात कोण आहे ऐकायला, आणि मोठ्यानं वाचलं. भाऊजी, तिसऱ्या ओळीला माझ्या अंगावर काटा आला. ती अक्का होती! माझ्या तोंडातून अक्का बोलत होती. शब्द ओढायची तिची तऱ्हा, 'दयन'मधला तो य, सगळं तिचं. मी उठून दार लावून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आणि मग हे आलं:

दयन दयता दयता डोये भरून येती
रुख्मिन बहीन माही दूर पुन्याच्या पेठी

दिनकरनं 'दयन'चं 'दळण' केलंय, 'डोये'चे 'डोळे' केलेत, 'रुख्मिन'ला वेलांटी देऊन णी केलंय. आपल्या आईचं नाव सुधारताना त्याच्या ध्यानात आलं नाही की ही आई आहे. पुढं तर कमालच:

माहेरी माय नाही, कोन इचारीन बाई
पाठची बहीन माही, तिले सवडच नाही

इथं त्यानं 'माय' खोडून 'माळ' केलंय! य दिसला की ळ करायचा, असा धडाकाच लावला होता ना त्यानं. 'माहेरी माळ नाही.' मी एकटीच खोखो हसले. मग 'तिले सवडच नाही' वाचलं आणि हसू कुठल्या कुठं गेलं. अहो, मी तिच्या कागदाची वाट बघत होते, आणि तिला वाटत होतं मलाच सवड नाही?

शेवटच्या पानावर एक ओवी आहे, ती मला कळत नाही. दिनकरनंही समासात 'अर्थ लागत नाही' लिहिलंय:

कागद आला तिचा, धनी वाचून दावती
उत्तर देऊ कशी, अक्षरं उलटी येती

अक्षरं उलटी येती म्हणजे काय? आणि हे पुस्तक कुणी जुळवलं? आता लपवू नका.

रुख्मिणी


मलकापूर, ४ जानेवारी १९४२

चि. रुख्मिणी,

तुही माही पत्रं वाटेत एकमेकांच्या जवळून गेली. तुह्यं वाचलं आन् तसाच मेहबूबच्या दुकानी पळालो. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानं कपाळाले हात लावला. म्हणे, भाऊ, एक शब्द सांगतला असता तर मी कागद झाकून ठेवला असता. त्याची घरवाली अमीना घरोघर फिरून पुड्या मागून आणत आहे. हळदीची पानं पिवळी, मिरचीची लाल, गुळाची तर चिकटून गेली. अख्खं पुस्तक काही जमत नाही. आता तुह्याजवळ आहे तेवढीच एक प्रत.

वचन मोडतो. तूच तिच्या ओवीत वाचलं, मंग मी काय लपवू.

अक्काले लिहिता येत नव्हतं. ते लग्न होऊन आली तवा तिले अक्षरओळख नव्हती. छापून झालं की खिळे सुटे करून आपापल्या खणात परत टाका लागतात, त्या कामाले मी तिले बसवलं. हा क, याचं घर हे. हा म, याचं घर हे. पोरीले गावातली घरं दाखवावी तसं दाखवलं. बघता बघता ते माह्याहून चपळ झाली. आधी टाकाले शिकली, मंग जुळवाले. पण खिळ्यावरचं अक्षर उलटं असते रुख्मिणी. तिनं सारी अक्षरं उलटीच ओळखली, उलटीच पाठ केली. छापलेलं कागदावर ते अडखळत वाचे, आन् खिळे जुळवाच्या स्टिकमधली उलटी ओळ घडाघडा.

तुह्यं पुण्याहून पहिलं पत्र आलं तवा म्हणे, मी सोता लिहीन. दौत टाक घेऊन बसली. लिहिलं ते सारं उलटं. आरशापुढं धरल्याबिगर एक अक्षर लागेना. मी हसलो नाही, खरं सांगतो, पण तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं आन् कागद चुलीत टाकला. म्हणे, मी जिले शाळेत धाडलं ते पोरगी हे पाहीन? तिले सांगायचं नाही, शपथ आहे तुम्हाले. मंग तिचे आशीर्वाद मीच लिहीत गेलो. दरवेळी तुह्यं पत्र मी दोनदा वाचून दाखवू. तिसऱ्यांदा म्हणे, ठेवा आता, डोये दुखतील तुमचे.

ओव्यांले लिहिलेली प्रतच नव्हती. गुणगुणे आन् खिळे उचले. तोंडातून निघे तसं हातातून उतरे. तिच्या तोंडात ळ होताच कुठं? बाकी पुस्तकांत तिनं य लावला की मी प्रुफात काढून माह्या खणातला ळ बसवू. या पुस्तकाच्या वक्ताले म्हणे, याले हात लावाचा नाही, हे माह्यं बोलणं आहे. मी वेष्टन तेवढं जुळवलं. आज तिची खिळ्यांच्या खणांची केस उघडून पाह्यली. य घासून बोथट झाले. ळचा खण भरलेला आहे, एकाही खिळ्यावर शाई नाही. आणले तशे नवेकोरे.

हे पुस्तक देऊळगावच्या यात्रेत नेऊ तवा ते दरसाली इचारे, पुण्याचं कोणी घेऊन गेलं काय? मी म्हणलं, मी सरळ टपालानं धाडतो. तर म्हणे नाही, धाडलं तर माफी मागितल्यासारखं होते. तिच्या हाती आपसूक पोचू द्या.

पोचलं ना.

महादेव


पुणे, २० जानेवारी १९४२

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून मी न्हाणीघरात जाऊन रडले. या घरात रडायलाही तीच एक जागा आहे.

सगळं दिनकरला सांगितलं. पोर वाईट नाही हो, त्याला शाईची सवय आहे. मग लेखाचा कागद काढला, 'निरक्षर असावा' खोडलं आणि मला विचारलं, मावशीचं नाव पूर्ण सांग. आता तिथं आहे, 'संग्रह व जुळणी, सत्यभामाबाई.' सूनबाईनं तोंड फिरवलं. फिरवो बापडी.

पुस्तक रजिस्टरनं पाठवतेय. तुमच्या पदरात घालतेय माझं सगळं, सांभाळा. तांबडी शाई सोडायची आणि खालचं काळं जसं आहे तसं छापायचं. थोडा कागद दिनकर त्याच्या प्रकाशकाकडून मिळवतोय. शिसं विकलं नाही ना अजून? विकलं असेल तर मला कळवू नका.

रुख्मिणी


मलकापूर, ९ फेब्रुवारी १९४२

चि. रुख्मिणी,

शिसं आहे जागेवर. व्यापारी परत आला होता, त्याले चहा पाजून वाटेले लावलं. रज्जाक म्हणे, चाचीचं पुस्तक असीन तर मी सुटीच्या दिवशी मशीन चालवतो. सारं जमून आलं.

आन् माह्याच्यानं होत नाही.

तिच्या केसपुढं बसलो. तुह्यं पुस्तक पुढं ठेवलं. पहिलीच ओळ, 'दयन दयता'. जुळवली, प्रूफ काढलं, तर 'दळण दळता'. पुन्हा सोडली, पुन्हा जुळवली. डोळा य पाहून राह्यला आन् हात ळवर जाऊन राह्यला. सारी जिंदगी तिचे य काढून ळ बसवले, हातानं दुसरं काही शिकलंच नाही. तोंडानं मी 'दयन'च म्हणतो ना! तोंडात य, हातात ळ. या पत्रातच पाह्य, 'दयन' सोडून ळच्या जागी कुठं य पडला काय.

तिची चूक मले करता येत नाही रुख्मिणी. आठ दिवस बसलो. तिच्या त्या कोऱ्या ळले माह्या हातानं शाई लागली, याचंच वाईट वाटून राह्यलं. काल खिळे तसेच टाकून उठलो. घर एवढं चुपचाप कधी वाटलं नव्हतं.

तुह्यं पुस्तक परत धाडू काय?

महादेव


पुणे, १६ फेब्रुवारी १९४२

भाऊजी,

परत धाडू नका.

तुमचं पत्र वाचून मी आरशासमोर उभी राहिले आणि म्हटलं, दयन. निघालं 'दळण'. पुन्हा म्हटलं. पुन्हा 'दळण'. वाचताना येतं, कारण ती पुढं असते. आपलं आपण म्हणायला गेलं की तीस वर्षं आडवी येतात. घाबरले. म्हटलं हीही गेली की काय माझ्यातून.

मग चार दिवस तोच उद्योग केला. भाजी निवडताना, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालताना. सूनबाई म्हणाली, सासूबाई, बाळाच्या कानावर असलं काही घालू नका. मी म्हटलं, घालीन. काल बाळाच्या डोळ्यांत साबण गेला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, अगं माय, डोये झोंबले काय रे तुहे! बाळ रडत होतं आणि मी त्याला उराशी धरून हसत होते.

भाऊजी, मी येऊन राह्यली. दिनकर कल्याणवरून गाडीत बसवून देईन. सोमवारी दुपारी मलकापूरले उतरीन, ठेसनावर या. खिये कशे उचलाचे ते मले शिकवा. उलटं वाचा लागते म्हणता, तर वाचीन. अक्का शिकली, मले या वयात येते काय पाहू. तिच्या जागेवर बसाची मले भीती वाटते, तरी बसीन. तुमी मागं उभे राहू नका. चुकलं तर सांगू नका.

एकच काम करून ठेवा. मी यायच्या आधी तिच्या केसमधला ळचा खन रिकामा करून ठेवा. दिसला तर माहा हात जाईन.

तुमची, रुख्मिन